दिवा मालवणारा हात

दिवाळी अंकात दिवे मालवण्याची गोष्ट काढणे म्हणजे लग्नघरात जमाखर्चाची वही उघडून बसण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु ती वही कोणाला तरी उघडावी लागतेच. मुंबई महानगरपालिकेने २०२२ साली हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत शहराचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. या शहराच्या उत्सर्जनातला दोनतृतीयांशाहून अधिक वाटा इमारतींतल्या वीज-इंधनाचा आहे. आणि कॉलेज ही इमारतच की!

मराठी माणूस दिवा विझवीत नाही, मालवतो. त्या शब्दात दिव्याविषयीचा आदर आहे. पंख्याच्या नशिबी मात्र तो आदर नाही. तो नुसता बंद करायचा असतो, आणि कॉलेजात तेवढेही होत नाही. तास संपतो, मुले बाहेर पडतात, त्यांच्यामागून प्राध्यापक निघतात आणि आठ पंखे रिकाम्या बाकांना वारा घालीत बसतात. हीच मुले लालबागच्या किंवा गिरगावच्या घरी एक दिवा जास्त जाळू धजत नाहीत, कारण तिथे आईचे लक्ष असते आणि महिन्याला बिल हातात येते. कॉलेजचे बिल ऑफिसात येते, हिशेबनीस ते भरतो आणि ते फायलीला लागते. बारभाईंची शेती, काय लागेल हाती!

थोडे गणित मांडतो. मराठीच्या प्राध्यापकालाही जमेल इतके ते सोपे आहे. साधा पंखा सुमारे ७५ वॉट वीज खातो, जुनी ट्यूबलाइट चोकसकट सुमारे ५०. आठ पंखे आणि दहा ट्यूब मिळून तासाला १.१ युनिट झाले. वर्ग दिवसाकाठी दोन तास रिकामा चालू राहिला, तर कामाच्या २०० दिवसांत ४४० युनिटे गेली. देशात एका युनिटामागे सरासरी सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका वर्गाने, कोणालाही काही न शिकवता, तीनशे किलोंहून अधिक धूर सोडला.

हा धूर आपल्याला दिसत नाही, कारण तो दुसऱ्याच्या अंगणात निघतो. बेस्ट जी वीज आपल्यापर्यंत पोचवते, तिच्यातली बरीचशी ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातून येते, तर काही सह्याद्रीच्या पाण्यातून. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले ते परळ-लालबागच्या गिरण्यांसाठी. पुढे मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ साली मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. सेनापती बापटांनी त्यांच्यासाठी तुरुंगवास भोगला. धरण झालेच. भाताची खाचरे पाण्याखाली गेली, १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली. गिरण्यांचे भोंगे बंद पडले. ते पाणी मात्र अजून आपल्यासाठी डोंगर उतरते आहे.

उपाय तसे अवघड नाहीत. गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची इमारत १८८९ची. मुंबईत वीजकंपनीचा पुरवठा सुरू झाला १९०५ साली. तेव्हा उंच छत, मोठ्या खिडक्या आणि समुद्राचा वारा एवढ्यावरच तिथे विद्यादान चालले होते. आज आपण खिडक्या लावून घेतो, त्यांपुढे कपाटे ठेवतो आणि भर दुपारी ट्यूब पेटवतो. आधी कपाटे हलवावीत. मग एलईडी दिवे आणि सुमारे ३० वॉटवर फिरणारे नवे बीएलडीसी पंखे बसवावेत. वर सांगितलेल्या वर्गाचा खर्च निम्म्याहून कमी होतो. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. गच्चीवरची सौर यंत्रणा त्यानंतर. एक किलोवॉटची यंत्रणा दिवसाला सरासरी चारेक युनिटे देते, पावसाळ्यात त्याहून कमी. गळकी घागर तशीच ठेवून नवी विहीर खणण्यात काय हशील?

पण या साऱ्याच्या आधी प्रत्येक वर्गाला एक धनी हवा. शेवटून बाहेर पडणाऱ्याचा हात बटनावर गेलाच पाहिजे, मग तो प्राध्यापकाचा का असेना! महिन्याचे बिल फायलीत न लावता नोटीसबोर्डावर लावावे. मागच्या महिन्याचे शेजारी ठेवावे. आणि बटनांजवळ ‘कृपया वीज वाचवा’ अशी पाटी असते, ती काढावी. वर्षानुवर्षे ती कोणी वाचलेली नाही. तिच्या जागी एवढेच लिहावे: ‘या विजेसाठी मुळशीची शेते बुडाली.’ मुले विचारतील, ‘सर, मुळशीला काय झाले होते?’ त्या दिवशी अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी चालेल.