पडदा घ्यावा पारखून

वाशीच्या बाजार समितीत धान्याचा किंवा मसाल्याचा सौदा होतो, तेव्हा पोत्यावरची छापील अक्षरे वाचून कोणी भाव ठरवत नाही. पोत्यातून मूठभर माल काढायचा, तळहातावर पसरायचा, उजेडाकडे धरून पाहायचा, वास घ्यायचा आणि मगच तोंडातून आकडा काढायचा, ही या व्यापाराची रीत आहे. मुंबईतील घाऊक बाजार खाडी ओलांडून नवी मुंबईत आला, गाळे बदलले, रस्ते बदलले. नमुना पाहण्याची रीत मात्र तशीच राहिली. पण त्याच घरात मुलासाठी किंवा मुलीसाठी गेमिंगचा संगणक घ्यायचे ठरते, तेव्हा ही पारख बहुधा गाळ्यातच राहते. ‘२४० हर्ट्झ’, ‘१ मिलिसेकंद’, ‘एचडीआर’ अशी खोक्यावरची अक्षरे वाचूनच मॉनिटर घरी येतो. पुढची पाच-सात वर्षे घरातील कोणीतरी रोज ज्याच्यापुढे बसणार, ती वस्तू तरी पारखून घ्यावी, एवढ्यासाठी आजचे हे लेखन.

आरंभी ज्येष्ठांच्या मनातील शंका. खेळ म्हणजे पैशाचा डाव तर नव्हे? हा फरक आता कायद्यानेच स्पष्ट केला आहे. ऑनलाइन गेमिंगविषयीच्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे त्याने निषिद्ध ठरवले; ई-स्पोर्ट्सला मात्र स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्ससाठी पदकेही होती. तेव्हा कोणते खेळ खेळणार आणि किती वेळ, हे आधी घरात मोकळेपणाने ठरवावे. मॉनिटरच्या निवडीतही या उत्तराला महत्त्व आहे, ते पुढे दिसेल.

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करू नये, ग्राफिक्स कार्डापासून करावी. पडद्यावरचे चित्र हे कार्ड तयार करते. मॉनिटर ते केवळ दाखवतो. चित्र किती बारीक ठिपक्यांचे, म्हणजे किती पिक्सेलचे, यावर कार्डाचे ओझे ठरते. १९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० × १४४० वर ते ३६.९ लाख होतात. ३८४० × २१६०, म्हणजे ज्याला बाजारात ‘४के’ म्हणतात, त्यावर ८२.९ लाख. पहिल्याच्या नेमके चौपट. हे सारे पिक्सेल कार्डाला सेकंदाला साठ, शंभर किंवा त्याहून अधिक वेळा नव्याने रंगवावे लागतात. एनव्हिडिया कंपनीने आपले आरटीएक्स ४०६० हे कार्ड १०८० च्या पडद्यासाठी आणि ४०७० हे १४४० च्या पडद्यासाठी म्हणूनच बाजारात आणले होते. मध्यम कार्डाला ४के पडदा जोडणे म्हणजे एका बैलाच्या गाडीत चार बैलांचा माल भरणे. गाडी चालेल, पण रडतखडत.

दुसरी बाब टेबलाची. नवी मुंबईतील बऱ्याच घरांत, विशेषतः सिडकोच्या जुन्या वसाहतींत, मुलांची खोली लहान असते आणि टेबलाची खोली फार तर दोन फूट. डोळा आणि पडदा यांत हातभर अंतर राहिले पाहिजे. इतक्या जवळून २४ किंवा २७ इंचांचा पडदा एका नजरेत सामावतो. ३२ इंचांच्या पडद्यावर कोपऱ्यातील गोष्ट पाहण्यासाठी मान वळवावी लागते. आकार आणि पिक्सेल यांचेही नाते असते. १०८० चे चित्र २४ इंचांवर मावते तेव्हा दर इंचात सुमारे ९२ पिक्सेल येतात. तेच चित्र २७ इंचांवर ताणले की ८२ च उरतात, आणि अक्षरे भुरकट वाटू लागतात. २७ इंच आणि १४४० या जोडीत ही संख्या सुमारे १०९ होते. म्हणून साधा नियम असा: २४ इंच घेतल्यास १०८०, २७ इंच घेतल्यास १४४०. मोठा पडदा स्वस्तात मिळत असेल, तर तो कितीचा आहे हे आधी विचारावे.

आता ज्या आकड्यावर तरुण मंडळी सर्वाधिक भाळतात, तो रिफ्रेश रेट. पडदा एका सेकंदात किती वेळा चित्र बदलतो, ते हर्ट्झमध्ये मोजतात. येथे व्यापाऱ्याचे गणित कामी येते. ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर ६.९. म्हणजे जवळजवळ १० मिलिसेकंदांचा लाभ, आणि तो नवख्यालाही जाणवतो. माउसची हालचाल लोण्यासारखी होते. १४४ वरून २४० वर गेले, तर ६.९ चे ४.२ होतात. लाभ २.७ मिलिसेकंदांचा. पुढे ३६० वर गेले, तर आणखी १.४ चा. आकडा भराभर वाढतो आणि पदरात पडणारे घटत जाते. ‘व्हॅलोरंट’सारखे चपळ, स्पर्धेचे खेळ जो गांभीर्याने खेळतो, त्याला हा शेवटचा अंशही हवासा वाटेल, शिवाय असे खेळ साध्या कार्डावरही वेगाने चालतात. ज्याला कथाप्रधान, चित्रपटासारखे देखणे खेळ आवडतात, त्याने १४४ ते १८० वर थांबावे आणि उरलेले पैसे चांगल्या पॅनलवर खर्च करावेत. कोणते खेळ, हा प्रश्न आधी विचारायचा तो यासाठी.

पॅनलचे मुख्य प्रकार चार. टीएन हा जुना. वेगवान, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएसमध्ये रंग खरे दिसतात आणि कोणत्याही कोनातून फारसे बदलत नाहीत. मात्र अंधाऱ्या दृश्यात काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीएमध्ये काळा रंग गडद असतो, पण स्वस्त मॉनिटरमध्ये काळोखातील हालचालीमागे शेपूट दिसते. ओलेडमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा तो काळाच. चित्र अप्रतिम, पण एकच स्थिर आकृती तासन् तास राहिली, तर तिचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो. आपल्या घरांत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सायंकाळी ज्या पडद्यावर खेळ चालतो, त्यावरच दिवसा टॅलीची खातेवही उघडी असते. तीच रकान्यांची चौकट, तीच पट्टी, रोज सहा तास. अशा दुहेरी वापरासाठी आयपीएस हीच समंजस निवड.

खोक्यावरील आणखी दोन-तीन शब्दांची पारख हवी. ‘१ मिलिसेकंद’ हा प्रतिसादाचा वेग अनेकदा मॉनिटरच्या सर्वांत टोकाच्या सेटिंगवर मोजलेला असतो. त्या सेटिंगवर चित्राभोवती विचित्र कडा उमटतात, म्हणून घरी ती कोणी वापरत नाही. ‘एचडीआर ४००’ ही त्या प्रमाणपत्रातील सर्वांत खालची पायरी आहे. केवळ तिच्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. ‘फ्रीसिंक’ किंवा ‘जी-सिंक’ मात्र अवश्य पाहावे. कार्डाचा वेग कमीजास्त झाला, तरी पडदा त्याच्याशी पाऊल जुळवतो आणि चित्र फाटत नाही. यासाठी पूर्वी एनव्हिडियाच्या कार्डांना महागडे खास मॉनिटर लागत. जानेवारी २०१९ पासून कंपनीने साध्या ॲडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरांनाही पाठबळ दिले. पडद्याची उंची कमीजास्त करता येणारा स्टँड ही गोष्ट जाहिरातीत मागे पडते. मानेसाठी मात्र ती फार उपयोगाची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी.

मॉनिटर कोठे पाहावा? वाशीत स्थानकासमोरच्या व्यापारी संकुलांत आणि सेक्टर १७ च्या परिसरात दुकाने आहेत. निवड अधिक हवी असेल, तर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, हा मुंबईतील संगणकसामानाचा जुना बाजार. वाशीहून हार्बरने कुर्ला, तेथून दादर, आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, असा रस्ता. परतताना सत्तावीस इंचांचे खोके लोकलच्या गर्दीत न्यावे लागणार नाही, याची सोय आधी करावी. दुकानात जाताना एका पेन ड्राइव्हमध्ये साधी चित्रे न्यावीत: एक संपूर्ण काळे, एक पांढरे, एक राखाडी आणि लाल, हिरवे, निळे. काळ्यावर कडेने प्रकाश झिरपतो का, पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल दिसतो का, राखाडीवर डाग आहेत का, हे दोन मिनिटांत कळते. मग बाजूला उभे राहून पाहावे, एखादे लांबलचक कोष्टक वर-खाली सरकवून अक्षरे वाचावीत. मूठभर नमुना पाहण्याचा हाच प्रकार.

ऑनलाइन मागवल्यास खोके उघडण्यापासून पहिला प्रकाश दिसेपर्यंतचे चित्रीकरण मोबाइलवर करावे. किती मेलेल्या पिक्सेलपर्यंत कंपनी मॉनिटर बदलून देत नाही, वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्ती घरी येऊन होते की मॉनिटर केंद्रावर न्यावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारावे. मागच्या लेबलवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो. तक्रार करण्याची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आल्यावर एक चूक हमखास होते. केबल ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत न घालता मदरबोर्डाच्या खाचेत घातली जाते, आणि महागडे कार्ड निवांत बसून राहते. दुसरी चूक सेटिंगची. विंडोज कित्येकदा ६० हर्ट्झवरच चालू राहते; डिस्प्लेच्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडावे लागते. केबल शक्यतो डिस्प्लेपोर्टची घ्यावी, एचडीएमआय २.० मधून ४के चित्र पूर्ण रंगांत ६० हर्ट्झपर्यंतच जाते. मॉनिटर खिडकीकडे तोंड किंवा पाठ करून ठेवू नये, खिडकी बाजूला असावी. आणि दर वीस मिनिटांनी वीस फूट दूरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. समोरच्या इमारतीवरचे कबुतरही चालेल.

राहिला बिलाचा प्रश्न, आणि व्यापारी कुटुंबाला तो टाळून चालणार नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी ३२ इंचांवरील मॉनिटरवर २८ टक्के जीएसटी होता. आता लहान-मोठ्या सर्व मॉनिटरवर १८ टक्के आहे. समजा मॉनिटर करासह २३,६०० रुपयांचा आहे, तर त्यात ३,६०० रुपये कर. लगेच कोणीतरी सुचवते, ‘बिल पेढीच्या नावाने घ्या, क्रेडिट मिळेल.’ केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मधील खंड (छ) स्पष्ट आहे: वैयक्तिक उपभोगासाठी घेतलेल्या वस्तूंवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. पडद्यावर पेढीचे कामही खरोखर होत असेल, तर व्यवसायासाठी जेवढा वापर तेवढ्याच भागाचे क्रेडिट घेता येते. तो भाग आपल्या सनदी लेखापालांना विचारून ठरवावा आणि नोंद तशीच ठेवावी. मॉनिटर केवळ मुलाच्या खोलीत राहणार असेल, तर बिल घरातील व्यक्तीच्या नावाने घ्यावे. अनुक्रमांकासह पक्के बिल घ्यावे. कच्च्या चिठ्ठीवर थोडे पैसे वाचतात, पण वॉरंटी मागायला गेल्यावर तीच चिठ्ठी आडवी येते.

या खरेदीत मुलाला पहिल्यापासून सोबत घ्यावे. कार्ड कोणते, टेबल किती खोल, कोणते खेळ, १४४ वरून २४० वर जाताना किती जादा पैसे पडतात आणि किती मिलिसेकंद मिळतात, हे त्यालाच कागदावर मांडायला सांगावे. दोन दुकानांचे भाव त्यानेच विचारून आणावेत आणि काळ्या पडद्यावरचा डागही त्यानेच शोधावा. उद्या हीच मुले गाळ्यावर बसणार आहेत. बिल कोणाच्या नावाने होते, तेही दुकानाच्या काउंटरपाशी उभे राहून ती पाहत असतात.