लॅपटॉपला बोट लागली!

"मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसणार नाही."

काउंटरपलीकडचा मुलगा हे इतक्या सहज म्हणाला, जणू टोकन नंबर सांगतोय. मी हादरलेच. लिक्विड? कसलं लिक्विड? अहो, चहाचा कपसुद्धा मी लॅपटॉपपासून दोन हात लांब ठेवते, आईशप्पथ! पण त्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. माझ्या लाडक्या लॅपटॉपचं पोट उघडलेलं, आणि मदरबोर्डवर हिरवट-पांढरी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. नवीन बोर्डाचा खर्च २७,५०० रुपये. लॅपटॉप घेतला होता ५८,००० ला, बारा हप्त्यांवर, आणि त्यातले चार हप्ते अजून जायचे होते. म्हणजे मेलेल्या माणसाचा मेडिकल इन्शुरन्स भरत राहायचा!

तुम्ही ऑफिसवाले लॅपटॉप बंद पडला की आयटीला फोन लावता आणि कँटीनमध्ये जाऊन बसता. आम्हा फ्रीलान्सरांचं ऑफिस, आयटी आणि कँटीन सगळं त्या चौदा इंचांतच असतं. त्या आठवड्यात माझे दोन लेख आणि एका रिसॉर्टचं ब्रोशर हातचं गेलं.

थोडं फ्लॅशबॅक. गेल्या ऑक्टोबरमध्ये मी दादरची पेइंग गेस्टची कॉट सोडली आणि नागावला एका वाडीत खोली घेतली. नारळ-पोफळी, अंगणात विहीर, पाच मिनिटांवर समुद्र. काम लागलं तर मांडव्याहून बोट पकडायची, तासाभरात गेटवे. पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असली तरी २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहेच. सॉलिड आयुष्य! टेबल मी मुद्दाम पश्चिमेच्या खिडकीला लावलं. सूर्यास्त बघत टायपिंग करायचं, दुसरं काय! मैत्रिणी जळून खाक झाल्या होत्या.

एप्रिलमध्ये एक यूएसबी पोर्ट गेलं. मे महिन्यात 'ळ' टाइप होईना (मराठी पत्रकाराला हे किती महागात पडतं ते विचारू नका). जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आणि वारा एकदमच सुरू झाला आणि एका सकाळी लॅपटॉप उठलाच नाही. घरमालकीण मावशी दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बोट लागली गो त्याला."

मावशींचं निदान सर्व्हिस सेंटरपेक्षा बरोबर होतं, हे मला मागाहून वाचन केल्यावर कळलं. मिठाचा एक फंडा आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओलीचिंब होते ना, तेच. आता समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. लॅपटॉपचा पंखा तीच हवा दिवसभर आत ओढतो. कण बोर्डावर बसतात, संध्याकाळी दमट हवा लागली की त्यांचं खारं पाणी होतं, आणि बोर्डात वीज खेळत असली की गंज आणखी वेगात चढतो. म्हणजे 'लिक्विड' होतं खरं! फक्त ते मी सांडलेलं नव्हतं, हवेनं घरपोच दिलं होतं.

मग ही चूक कुणाची? माझी की कंपनीची? बॉक्सवरच्या बारीक अक्षरांत बघा. बहुतेक लॅपटॉपना चालणारी आर्द्रता ८० किंवा ९० टक्क्यांपर्यंत लिहिलेली असते, तीही 'नॉन-कंडेन्सिंग', म्हणजे दव न धरणारी. रायगडच्या किनाऱ्यावर जुलैत ९० टक्के म्हणजे रोजचंच हवामान. माझी चूक अर्धी मान्य. खिडकीतलं टेबल हा शुद्ध वेडेपणा होता. पण विकताना "कुठेही बसून काम करा" म्हणत जाहिरातीत बीचवरची मुलगी दाखवायची आणि बिघडल्यावर बीचलाच आरोपी करायचं, हे काही पटलं नाही.

काउंटरवर मी एकच शहाणपणाची गोष्ट केली. बऱ्याच लॅपटॉप आणि फोनच्या आत पाणी ओळखणारे छोटे पांढरे स्टिकर असतात. पाणी लागलं की ते लाल होतात. मी म्हटलं, "भाऊ, तो स्टिकर दाखव." त्यानं कंटाळत दाखवला. पांढराशुभ्र! मी फोटो काढला आणि जॉबशीटवर 'इंडिकेटर पांढरा' असं लिहून मागितलं. तो म्हणाला, असं लिहायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग मी बसते इथेच, मला कुठे काम आहे, लॅपटॉप तुमच्याकडेच आहे! वीस मिनिटांनी त्याच्या सीनियरनं लिहून दिलं. तो कागद आज माझ्याकडे लॅमिनेट केलेला आहे.

हे सगळं मी एकदा रो-रोच्या डेकवर शेजारी बसलेल्या एका मुलाला ऐकवत होते. पवईत नोकरी, पाठीवर नवीकोरी सॅक, वीकएंडला रेवदंड्याला टेंट लावायला निघालेला. तो म्हणाला, "अगं, पण हे मॉडेल तर भन्नाट आहे! माझ्याकडे दोन वर्षं झाली, काही त्रास नाही." मी विचारलं, कुठे वापरतोस? "ऑफिसात, आणि घरी बेडरूममध्ये." दोन्हीकडे एसी. आपण वस्तू घेताना किती स्टार हे विचारतो, पण स्टार देणारा राहतो कुठे, हे कोणी विचारतं का? आणि बरेच जण स्टार देतात पहिल्या पंधरा दिवसांत, तेव्हा तर माझाही लॅपटॉप पाच स्टारवालाच होता.

टेंटचंही तसंच. माझी जुनी रूममेट दिवाळीत सात हजारांचा टेंट घेऊन आली होती. वर लिहिलेलं, '३००० एमएम वॉटरप्रूफ'. म्हणजे काय, तर कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा स्तंभ उभा केला तरी ते झिरपणार नाही. ग्रेट! पण आमच्या त्या दोन रात्री पाऊस आलाच नाही. आला तो वारा. सोबत मिळालेल्या तारेसारख्या खुंट्या वाळूतून पटापट उपटून आल्या आणि मध्यरात्री आम्ही दोघी टेंटचे चार कोपरे चार हातांनी धरून बसलो. सकाळी वाडीतला एक दादा आला, हसला, नारळाच्या झावळीचे जाड देठ आडवे खोल पुरले आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. नंतर टेंट तसूभर हलला नाही. खर्च शून्य. ओली वाळू भरलेली पिशवी पुरली तरी तेच काम होतं, असंही त्यानं सांगितलं.

टेंट आम्ही वाळूसकट गुंडाळला आणि जानेवारीत उघडायला गेलो तर चेन जागची हलेना. दुकानदारानं हात वर केले. इथे मात्र मी त्याच्या बाजूनं आहे. समुद्रावरून आणलेली वस्तू गोड्या पाण्यानं धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि मगच गुंडाळायची, हे बोटीवरच्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. आम्ही मास मीडियावाल्या!

माझ्या हेडलॅम्पनंही मला हेच शिकवलं. 'आयपीएक्स७' लिहिलेला, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. राजपुरीला जंजिऱ्याच्या होडीत चढताना तो पाण्यात पडला, काढला, लगेच पेटला. मी खूश! पण ती चाचणी साध्या पाण्यात होते आणि मी तो न धुता, ओल्या हातानं सेल बदलून कप्प्यात टाकला. आठवड्यात सेलची स्प्रिंग गंजली. सहाशे रुपयांची, तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग मात्र अजून ठणठणीत आहे. तिच्यात गंजण्यासारखं काही नाहीच ना.

मावशींना माझ्या या 'आउटडोअर गिअर' शब्दाची फार गंमत वाटते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, झाडं आणि खांब आडवे झाले आणि वाडीत कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून त्यांच्या घरात चार्जिंगचा कंदील, दोन बॅटऱ्या आणि मेणबत्त्यांचा डबा कायम असतो. तुमचं ट्रेकचं सामान ते आमचं घरातलं, असं त्या म्हणतात.

तर लॅपटॉपचं पुढे काय झालं? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचा फोन आला. मजुरी माफ, बोर्डाचे पैसे पूर्ण. नको म्हटलं. मग लेखी नोटीस, मग ई-जागृती पोर्टलवरून ग्राहक आयोगात तक्रार. एक मित्र म्हणाला, "तू धंद्यासाठी वापरतेस ना, मग तू ग्राहकच नाहीस." मी घाबरून कायदा उघडला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी कारणासाठी' धरली जात नाही. फ्रीलान्सरांनो, ही ओळ कापून पर्समध्ये ठेवा! पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपण जिथे राहतो तिथे करता येते. रायगडचं आयोग अलिबागलाच आहे, नागावहून रिक्षानं जाता येतं.

अलिबागला गेलं की मला तिथली चुंबकीय वेधशाळा आठवते. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार म्हणून ती १९०४ मध्ये कुलाब्याहून इथे आणली, कारण विजेनं मोजमाप बिघडलं असतं. आपल्या उपकरणाला काय बाधतं ते ओळखून आख्खी वेधशाळा हलवली त्यांनी, आणि मला साधं टेबल हलवायला आठ महिने लागले!

पुढच्या महिन्यात पहिली तारीख आहे. मी काय बोलायचं ते पाठ करतेय. जिंकेन की नाही, माहीत नाही. कंपनी म्हणेल गंज वॉरंटीत नाही, मी म्हणेन स्टिकर पांढरा आहे.

तोवर हा लेख चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर लिहितेय. टेबल आता आतल्या भिंतीला आहे, सूर्यास्त दिसत नाही. काम संपलं की लॅपटॉप थंड होऊ द्यायचा, कोरड्या फडक्यानं पुसायचा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचा. डबा मावशींचा आहे, पापडांचा. कालच विचारत होत्या, एप्रिलमध्ये परत मिळेल ना?