बरगडीची भाषा

भिलाईत ऑक्सिजनला तोटा नाही. पोलाद करायला तो लागतोच. एप्रिल २०२१मध्ये तर इथून भरून निघालेले टँकर नागपूरच्या रुग्णालयांपर्यंत धावले. पण तान्ह्या बाळाला तो कधी द्यायचा, हे ओळखण्याची विद्या शेजारच्या गडचिरोलीतल्या खेड्यांनी पक्की केली, आणि तीही मणी नि वाळू वापरून.

बाळ श्वास घेताना बरगड्यांच्या खालची कड आत ओढली जाते, पोट वर उडतं. इकडे भिलाईत त्याला ‘पसली चल रही है’ म्हणतात, विदर्भातल्या आज्या ‘डब्बा झाला’ म्हणायच्या. उपाय कोणता, तर तापल्या लोखंडाचा पोटावर डाग! निदान बिनचूक, उपचार अघोरी. डॉक्टरी विद्येने या आज्यांची नजर बरीच उशिरा मानली. १९८०च्या दशकात पापुआ न्यू गिनीतल्या अनुभवावरून जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलं, की स्टेथोस्कोप नसला तरी चालेल, मिनिटभर श्वास मोजा आणि छाती बघा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त श्वास म्हणजे धोका.

पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईने काय करायचं? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेने तिच्या हाती मण्यांच्या पाटीसारखं साधन दिलं, सोबत वाळूचं घड्याळ. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी आला, की न्यूमोनिया. १९९०च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. जिथे गावातच उपचार झाले तिथे न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकी ०.८ टक्के दगावली, शेजारच्या तुलनेच्या गावांत १३.५ टक्के.

ब्राँकिओलायटिस या तान्ह्या बाळांच्या आजाराने मात्र या हिशेबात पाचर मारली. इथेही धाप तीच, बरगडी तशीच ओढलेली, पण कारण बहुधा आरएसव्ही हा विषाणू. बाळांमध्ये तो १९५७मध्ये सापडला. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मुळातच बारीक असलेल्या श्वासनळ्या सुजतात. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा सोळापट होतो. १९६६मध्ये अमेरिकेत आरएसव्हीची लस टोचून पाहिली, तर उलटच झालं. लस घेतलेली मुलं जास्त आजारी पडली आणि दोन दगावली. गरोदर बाईला टोचून बाळाला वाचवणारी लस मंजूर व्हायला २०२३ उजाडलं.

तोवर आपल्याकडे घरोघरी नेब्युलायझर पोचला. वाफ दिली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४मध्येच स्पष्ट सांगितलं, की या आजारात सालब्युटामॉलची वाफ किंवा स्टेरॉइड नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये. नाक मोकळं करा, दूध थोडं थोडं पाजा, गरज पडली तर ऑक्सिजन द्या. एवढ्यावर डॉक्टर थांबला, तर आईबापांना तो निष्काळजी वाटतो. माझ्या मते तोच शहाणा.

मोजणीतही एक फसगत आहे. थकलेल्या बाळाचे श्वास कमी होतात, आणि आकडा बघणारा ‘उतार पडला’ म्हणून निर्धास्त होतो. म्हणून झबलं वर करा आणि उजेडात पूर्ण मिनिट बघा. दूध निम्म्यावर आलं, बाळ कण्हू लागलं, श्वास मधेच थांबला किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.