वॉर्सा शहरात कोल्हापूरचे नाव



समूहाने प्रवास करणाऱ्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा नसतो, हे यात्रेस जाऊन आलेल्या कोणासही सांगावयास नको. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात आमच्या सीमाभागातील चौतीस यात्रेकरूंसमवेत आम्ही पोलंड देशात उतरलो. दुसऱ्या दिवशी चेन्स्तोहोवा येथील पवित्र मातेच्या दर्शनास जावयाचे होते. त्यापूर्वी राजधानी वॉर्सा पाहण्यास एकच दिवस होता. कार्यक्रम छापून हाती दिलेला होता आणि त्यात उसंत घेण्यास कोठेही जागा ठेवलेली नव्हती.

सकाळी आठ वाजता बस दाराशी आली. शहर दाखविण्यासाठी नेमलेल्या पोलिश बाई आत चढल्या आणि हसतमुखाने म्हणाल्या, "जेन दोब्री!" दिवसा भेटताना तेथील लोक एकमेकांस असे म्हणतात. आम्ही सर्वांनी ओशाळे हसून माना डोलाविल्या. तिसऱ्या रांगेतील एक आजीबाई मात्र ताठ होऊन बसल्या.

"काय म्हणाली ती? फादर, परत एकदा म्हणायला सांगा की तिला."

आजीबाईंचे वय चौऱ्याहत्तर, सासर बेळगावजवळच्या एका खेड्यात, माहेर कोल्हापूरनजीक वळिवड्याच्या शेजारी. त्यांचे वडील रोज पहाटे मुलांस उठविताना "जेंदोबरी, जेंदोबरी" म्हणत. हा त्यांच्या मनचाच काही गमतीचा शब्द असावा, अशी घरच्यांची समजूत. गावातील टवाळ पोरांनी तर त्यांचे नावच 'जेंदोबरी' पाडले होते. वडील वारून चाळीस वर्षे झाल्यावर त्यांचा तो शब्द त्यांच्या लेकीस परमुलखात, एका परक्या बाईच्या तोंडून ऐकावयास मिळाला.

वडील तरुणपणी सायकलवरून वळिवड्याच्या छावणीत दूध घालीत असत. ही छावणी काय होती, हे आमच्या तरुण वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. १९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. रशियाच्या वाट्यास आलेल्या भागातील लक्षावधी माणसे १९४० व ४१ साली सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकण्यात आली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला तेव्हा त्यांतील काहींची सुटका झाली. त्यांपैकी काही हजार माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात पोहोचली. जामनगरच्या जामसाहेबांनी अनाथ मुलांस बालाचडी येथे आसरा दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. त्यांची शाळा होती, ख्रिस्तमंदिर होते. पुढे त्याच जागी फाळणीने निर्वासित झालेले सिंधी बांधव वसले. आज कापडाच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच.

आजीबाईंनी विचारले, "आमच्या गावाची काही खूण हितं हाय का?" बाईंना त्याविषयी काहीच सांगता येईना. आमच्याबरोबरच्या तरुण फादरांनी मोबाइलवर शोध घेतला. माँते कासिनोच्या लढाईच्या स्मारकाशेजारी वळिवडे-कोल्हापूरचे एक छोटे स्मारक २०१७ साली उभारलेले आहे, असे निघाले. पण छापील कार्यक्रमात ते नव्हते. बसमध्ये कुजबूज सुरू झाली. आम्हांस कबूल केले पाहिजे की, त्या कुजबुजीत आमचाही आवाज होता. एकीसाठी सर्वांचा खोळंबा कशाला, असे आम्ही शेजारच्या बंधूंपाशी बोललो आणि ते आजीबाईंच्या कानी गेले असावे. त्या गप्प बसल्या.

सकाळची पवित्र मिस्सा झोलिबोश भागातील संत स्तानिस्लाव कोस्तका यांच्या मंदिरात झाली. त्या आवारात फादर येझी पोपिएउश्को यांची समाधी आहे. साम्यवादी राजवटीत ते दरमहा मातृभूमीसाठी मिस्सा अर्पण करीत व कामगारांच्या न्याय्य हक्कांविषयी निर्भयपणे बोलत. १९ ऑक्टोबर १९८४ रोजी सरकारच्या गुप्त पोलिसांनी त्यांस पळवून ठार केले आणि देह विस्ला नदीच्या जलाशयात टाकला. वय अवघे सदतीस. अंत्यविधीस लाखोंचा जनसमुदाय लोटला होता. २०१० साली त्यांस धन्यवादित घोषित करण्यात आले. जमिनीवर आडवा ठेवलेला दगडी क्रूस आणि त्याभोवती मोठमोठ्या धोंड्यांची जपमाळ अशी ती समाधी आहे. आमच्यातील काहींनी तेथे गुडघे टेकले ते लवकर उठेनात आणि कार्यक्रम येथेच वीस मिनिटे मागे पडला. त्या वेळी मात्र कोणीही घड्याळ पाहिले नाही, हे आमच्या नंतर ध्यानात आले.

संस्कृतिप्रासादाविषयी फार लिहीत नाही. स्टालिनच्या काळात सोव्हिएत सरकारने देणगी म्हणून दिलेली, १९५५ साली पुरी झालेली ही २३७ मीटर उंचीची इमारत आहे. तिच्या तिसाव्या मजल्यावरून शहराचे सर्वांत सुंदर दर्शन होते, कारण तेथून ती इमारत तेवढी दिसत नाही, असा वॉर्साकरांचा जुना विनोद बाईंनी सांगितला. वर जाण्यात तासभर गेला. पिउसुद्स्की चौकात बसमधूनच क्रूस पाहिला. २ जून १९७९ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी येथेच मिस्सा अर्पण केली होती. साम्यवादी देशाच्या राजधानीतील भर चौकात, तेही सरकारच्या डोळ्यांदेखत!

जुन्या शहरात पाय ठेवताच मंडळी हरखली. रंगीत घरे, फरसबंदी चौक, जणू तीनशे वर्षे काहीच हलले नाही. बाईंनी सांगितले की, हे सारे १९४५ नंतर बांधलेले आहे. १ ऑगस्ट १९४४ रोजी वॉर्साकरांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो त्रेसष्ट दिवस चालला आणि मोडला. त्यानंतर जर्मनांनी उरलेले शहर सुरुंग लावून आखणीपूर्वक पाडले. कॅथेड्रलही त्यांनी सोडले नाही. पुढे लोकांनी ढिगाऱ्यांतून विटा वेचल्या. अठराव्या शतकात बेलोत्तो नावाच्या इटालियन चित्रकाराने रंगविलेल्या चित्रांवरून कित्येक घरांची दर्शनी बाजू जशी होती तशी उभी केली. न्यायाने सांगावयाचे तर हे काम साम्यवादी सरकारच्याच काळात झाले. मात्र राजवाडा बांधण्यास त्या सरकारला १९७१ पर्यंत मन झाले नाही. आमच्यातील गवंडीकाम करणाऱ्या एका बंधूंनी भिंतीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "विटा जुन्याच हायत, दर्जा तेवढ्या नव्या भरल्यात."

जेवणासाठी पाऊण तास ठेवलेला होता. आजीबाई फादरांस हळूच म्हणाल्या, "मला भूक न्हाई. मी चालत जाऊन येते, तुम्ही जेवा." त्या वयाच्या स्त्रीने परक्या शहरात एकटीने जावे आणि आपण ताटावर बसावे, हे काही आम्हांस जमेना. फादर निघाले, बाई निघाल्या, आमच्यासह आणखी सात जण निघाले. आम्ही निघालो ते थोडेसे कुरकुरतच.

जुन्या शहरापासून ते ठिकाण फार दूर नाही. रस्त्याचे नाव जनरल आन्देर्स मार्ग. चालता चालता बाई सांगू लागल्या. सैबेरियातून सुटलेल्या पुरुषांचे सैन्य याच आन्देर्स यांनी उभारले. त्या सैन्याने मे १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोचा संत बेनेडिक्टच्या मठाचा डोंगर जिंकला. युद्धानंतर साम्यवादी सरकारने मात्र त्या सेनापतीचे नागरिकत्वच काढून घेतले, आणि या रस्त्यास एका साम्यवादी पुढाऱ्याचे नाव दिले. माँते कासिनोचे स्मारक येथे उभे राहावयास १९९९ साल उजाडावे लागले. त्या पुढे म्हणाल्या, "मी शाळेत होते तेव्हा सैबेरियाचा विषय घरी दार लावून बोलत असत. पुस्तकात त्याचा एक शब्दही नव्हता."

तेव्हा कोठे आम्हांस उमगले की, कोल्हापूरचे नाव याच जागी का. ज्यांचे बाप आणि भाऊ त्या डोंगरावर लढले, त्यांतल्या अनेकांच्या आया, बहिणी आणि लेकरे त्याच दिवसांत वळिवड्यात होती. आजीबाईंच्या वडिलांचे दूध त्यांच्याच घरी जात होते.

स्मारक साधे आहे. त्याच्याजवळून जाणारी माणसे थांबतही नव्हती. आजीबाईंना रोमन अक्षरे वाचता येत नाहीत. फादरांनी त्यांचे बोट धरून कोल्हापूर हा शब्द कोठे आहे ते दाखविले. त्यांनी एकेका अक्षरावरून बोट फिरविले. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "बाबांचं दूध हितंवर पोचलं म्हणायचं."

बाईंनी ते वाक्य आमच्याकडून दोनदा समजावून घेतले. मग त्यांनी आजीबाईंचा हात धरला तो परतीच्या वाटेवर सोडला नाही.

आम्ही पोहोचेपर्यंत आमच्या वाटणीचे अन्न निवून गेले होते आणि राहिलेल्या मंडळींनी थोडे टोमणेही मारले. आजीबाईंपाशी जाऊन सकाळच्या बोलण्याबद्दल आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "कवाचं काय काढलंसा? पाव खावा."

दुपारनंतर ज्यू वस्तीतील १९४३ च्या उठावाचे स्मारक पाहिले. १९७० साली जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट येथेच गुडघ्यांवर बसले होते. शोपाँ या संगीतकाराचे हृदय ज्या मंदिराच्या खांबात ठेवले आहे, ते पवित्र क्रूसाचे मंदिरही पाहिले. पण आमचे लक्ष त्यात नव्हते.

सायंकाळी बस हॉटेलपाशी थांबली. आजीबाई उतरताना चालकास मोठ्याने म्हणाल्या, "जेंदोबरी!" चालक हसला. बाईंनी प्रेमाने समजाविले की, हा शब्द दिवसाचा. सायंकाळी "दोब्री व्येचुर" म्हणतात.

आजीबाईंनी मान हलविली. "ते ऱ्हाऊ दे बाई. बाबांनी आम्हाला सकाळचंच शिकवलंय."