गळ पाहुण्याचा, पाणी आमचे



या अंकात आम्ही महाड-पोलादपूरच्या पाण्याबद्दल आणि त्यातल्या माशांबद्दल लिहीत आहोत. कपाशी-ज्वारीचा कोरडवाहू शेतकरी विचारील, आमचे काय देणेघेणे? आमच्या विहिरींना पाणी नाही आणि तुम्ही मासे धरायच्या गोष्टी सांगता! प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ आहे. गावाच्या हद्दीत जे निपजते ते विकण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न आपण कापसाच्या बाबतीत विचारला. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली. कापूस आपला, राबणूक आपली, पण तो कुणाला विकायचा हे सरकार ठरवणार. मग तोच प्रश्न तळ्याच्या बाबतीत का विचारायचा नाही?

परदेशातल्या मोठ्या सरोवरांवर एक धंदा चालतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली मोठी गोड्या पाण्याची सरोवरे घ्या. शहरातला माणूस दिवसभरासाठी बोट ठरवतो. बोटीबरोबर परवानाधारक कप्तान असतो, तोच वाटाड्या. कोणत्या वेळी मासा किती खोलीवर असतो, वारा फिरला की कुठे सरकतो, आमिष कोणते लागते, हे त्याला ठाऊक. गळ, रीळ, दोरा सगळे त्याचेच. पाहुणा दिवसभर गळ टाकून बसतो. मासा लागला की पुष्कळ ठिकाणी त्याचा फोटो काढून तो पुन्हा पाण्यात सोडतात. संध्याकाळी पाहुणा पैसे मोजतो आणि घरी जातो. विकले काय? मासा नव्हे. दिवस विकला आणि वाटाड्याचे ज्ञान विकले.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पाच किलोचा मासा दीडशे रुपये किलोने विकला तर साडेसातशे रुपये येतात, तेही एकदाच. तोच मासा पाण्यात राहू दिला, त्याच्या ओढीने हंगामात दहा पाहुणे आले आणि प्रत्येकाने दिवसाचे दोन हजार दिले, तर वीस हजार झाले. त्यातून बोट, डिझेल, मजुरी वजा करा. सोडलेल्या माशांतले काही मरतात, तेही धरा. तरी फरक उरतोच. क्विंटलने कापूस विकणारा आणि मीटरने कापड विकणारा यांच्यातला हा फरक आहे. आपण आयुष्यभर क्विंटलवाले राहिलो. तळ्यावरही किलोवालेच राहायचे का?

पण हा धंदा कुठे उभा राहील आणि कुणाच्या नावावर, हे आधी ठरले पाहिजे. महाड तालुक्यात त्याचे एक उत्तर पिढ्यान्पिढ्या उभे आहे. काळ नदीवर वाळणकोंड आहे. काठावर वरदायिनी देवीचे ठाणे. कोंडात महाशीर मासा आहे, ज्याला खडस असेही म्हणतात. लोक त्याला देवाचा मासा मानतात. त्याला कुणी धरत नाही, उलट खाऊ घालतात. सुरुंग फोडून किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने गुन्हा ठरवले. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये सुरुंग फुटायचे थांबले नाहीत. वाळणकोंडात मासा टिकला तो कायद्यामुळे नव्हे, लोकांनी राखला म्हणून.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. त्या कोंडात कुणाचाही गळ पडता कामा नये. शौकिनाचा नाही, 'धरून सोडून देतो' म्हणणाऱ्याचाही नाही. तिथल्या लोकांनी नको म्हटले आहे आणि नको म्हणण्याचा हक्क हाच मालकीचा पहिला पुरावा असतो. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला बाजारात किंमत नसते.

आता पोलादपूरहून आंबेनळी घाट चढा. महाबळेश्वर ओलांडून तापोळ्याला उतरलात की समोर शिवसागर पसरलेला दिसतो. कोयना धरणाचा हा जलाशय. त्याच्या तळाशी गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, देवळे आहेत. तिथून उठवलेल्या लोकांपैकी कित्येकांना घाटाखाली रायगड-ठाण्याकडे नेऊन बसवले. साठ वर्षे होऊन गेली, तरी काही कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. त्याच पाण्यावर जावळी तालुक्यातल्या मुनावळ्याला २०२४ मध्ये सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झाले. आज बोटी आल्या आहेत, उद्या गळ येतील. वन्यजीव कायद्याची बंधने आहेत, अभयारण्य शेजारी आहे, म्हणून परवानगी कुठे मिळेल आणि कुठे नाही हा वेगळा विषय. पण जिथे मिळेल तिथे ती कुणाला मिळेल? निविदा निघेल. अनामत रक्कम अशी असेल की विस्थापिताने सातबारा विकला तरी भरता येणार नाही, आणि विकायला त्याच्याकडे सातबारा उरलाय कुठे? ठेका बाहेरचा घेईल. गावातल्या पोराला बोट धुण्याचे काम मिळेल आणि त्याला रोजगारनिर्मिती म्हणतील.

कुणी म्हणेल, पाणी तर सार्वजनिक आहे, सर्वांचे आहे. महाडच्या माणसाला हे सांगू नका. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले ठरवले. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाची परीक्षा झाली. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. तो माणुसकीचा लढा होता, तिकिटाच्या भांडणाशी त्याची बरोबरी आम्ही करीत नाही. पण धडा घेतलाच पाहिजे. 'सर्वांचे' म्हटलेले पाणी जो काठावर दांडगा असतो त्याचे होते, जोवर हक्कदार स्वतः पाण्यात उतरत नाही.

आणि दांडगा नेहमी मुंबईचाच असतो असे नाही, तो गावातलाही असतो. म्हणून ग्रामसभेच्या नावाने चार पुढाऱ्यांनी तळे गिळायचे, हेही आम्हाला मान्य नाही. नदीतला प्रत्येक डोह ज्याला पाठ आहे तो कातकरी, ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या जाळे आहे तो भोई आणि कोळी, ज्याची जमीन बुडाली तो विस्थापित, यांची नावे हक्काच्या यादीत सर्वांत वर पाहिजेत. वाटाड्या तेच होणार. मग मालक दुसरा का?

'या लोकांना धंदा जमेल का?' असा प्रश्न साहेब लोक विचारतात. मध्य प्रदेशात तवा धरणाच्या विस्थापितांनी किसान आदिवासी संघटनेच्या बळावर लढा दिला आणि १९९६ साली जलाशयातल्या मासेमारीचा हक्क मिळवला. तवा मत्स्य संघाने दहा वर्षे तो कारभार चालवून दाखवला. २००६ साली पट्टा संपला. कारण पुढे आले अभयारण्याचे, लोकांना जमले नाही हे नव्हे. तापोळ्यालाही स्थानिकांच्या बोटी वर्षानुवर्षे चालताहेत. जमते. अडते ते मुदतीच्या कागदावर. पाच वर्षांचा पट्टा म्हणजे मेहेरबानी, हक्क नव्हे.

शेतीशास्त्र शिकलेले म्हणून आणखी एक इशारा देतो. तिकीट खपवण्यासाठी मोठा मासा पाहिजे, म्हणून कुठलेही बी आणून पाण्यात सोडण्याचा मोह होतो. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात महाशीराचे बी तयार करण्याचे मोलाचे काम झाले. पण ते बी कावेरीत सोडले गेले, तिथे फोफावले आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर नामशेष होण्याच्या काठावर आला. उजनीत चिलापीने काय केले हे भीमाकाठच्या मच्छीमाराला विचारा. आपल्याला हे नवे नाही. १९७० साली सुरतेहून एच-४ हा संकरित कापूस आला, पुढे संकरित वाणांची रांग लागली आणि गावरान कपाशीचे बी शोधावे लागू लागले. ज्या पाण्यातला मासा त्याच पाण्यात, हा नियम पाळा.

राहता राहिला आपला प्रश्न. आपल्याकडे शिवसागर नसेल. पण जायकवाडीचा नाथसागर आहे, पेंचचे तोतलाडोह आहे, अप्पर वर्धा आहे, गावोगावी पाझर तलाव आहेत. प्रत्येकाखाली कुणाची तरी काळी जमीन आहे. त्यातल्या पुष्कळ ठिकाणची मासेमारी आज ठेक्याने जाते. संस्था कागदावर मच्छीमारांची असते आणि पैसा लावणारा व्यापारी असतो, हे कुणाला माहीत नाही? पर्यटनाचा पैसा येईल तेव्हा तो याच वाटेने जाईल, वाट आधी बदलली नाही तर.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमचे चार ठराव आहेत.

१. धरणाच्या पाण्यावर मासेमारीचे किंवा सहलीचे तिकीट विकण्याचा पहिला हक्क विस्थापितांचा, काठच्या मच्छीमारांचा आणि आदिवासींचा. निविदा त्यांच्या नकारानंतरच काढावी.

२. पट्टा दीर्घ मुदतीचा असावा आणि हिशेब वर्षातून दोनदा ग्रामसभेत वाचला जावा.

३. वाळणकोंडासारखी राखलेली ठिकाणे गळापासून कायम मुक्त राहावीत.

४. बाहेरचे मत्स्यबीज लोकांच्या आणि तज्ज्ञांच्या संमतीशिवाय सोडू नये.

बैठकीला येताना आपापल्या तालुक्यातल्या तलावांची यादी आणा. ठेका कुणाच्या नावावर आहे, किती वर्षांचा आहे, जमीन कुणाची बुडाली आहे, हे तलाठ्याकडून आणि मत्स्य कार्यालयातून लिहून आणा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. पाहुणा येऊ द्या, गळ टाकू द्या, त्याला चहा पाजा. पण तिकिटावर कुणाची सही असेल हे ठरल्याशिवाय पहिली बोट सुटू देऊ नका.