कोड म्हणजे निकाल नव्हे

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने कोड वाचायचं छोटं यंत्र घरी ठेवावं, असं माझं मत आहे. मी जन्मभर मराठी शिकवलं, इंजिनाशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता. तरीही म्हणतो.

इंजिनाचा पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो. दिवा एक, कारणं शेकडो. नेमकं कारण शोधायला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. धुरावर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ही ओबीडी-२ पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या गाड्यांना २०१३ पासून. त्यात खोचायचं यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि मोबाइलवर कोड दिसतो.

त्या कोडला चक्क व्याकरण आहे! मुलांना आपण शब्दाची जात, लिंग, वचन विचारायचो ना, तसंच. पहिलं अक्षर पी असेल तर दुखणं इंजिन-गिअरबॉक्सचं, बी असेल तर बॉडीचं, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांच्या आपसातल्या बोलण्याचं. पुढे शून्य आलं तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक आला तर त्या कंपनीचा स्वतःचा.

पण मंडळी, खरी गंमत पुढेच आहे. कोड तक्रार सांगतो, कारण नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका वहिनींच्या गाडीत पी०१७१ आला. अर्थ एवढाच, की मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एका गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. वहिनी एकट्या राहतात, पेन्शनवर भागवतात. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून तडकलेली रबरी नळी दाखवली. तिथून मोजमापाबाहेरची हवा आत शिरत होती. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता. निरोप्यालाच शिक्षा झाली, आणि दंड वहिनींनी भरला.

"घरबसल्या अर्धवट ज्ञान घेऊन लोक आमच्याशी हुज्जत घालतात," असं मेकॅनिक म्हणतात. त्यात तथ्य आहे. कोड वाचून लगेच सुटे भाग मागवणारे महाभागही असतात. पण उपाय अज्ञान नव्हे. कोड वहीत लिहावा, तारीख आणि किलोमीटर टाकावेत, आणि मेकॅनिकला नम्रपणे विचारावं, "हाच भाग बिघडलाय हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" चांगला कारागीर या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. दिवा उघडझाप करत असेल तर यंत्र शोधत बसू नये, गाडी बाजूला घ्यावी; बहुधा सिलिंडर नीट पेटत नसतो आणि त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. दुसरं, कोड उगाच पुसू नये. त्याबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही जाते. जुनी गाडी घेताना सगळ्या अंतर्गत चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर कोड नुकताच पुसला का, की बॅटरी काढली होती, हे विचारून घ्यावं.

असो. सगळ्यांनी मेकॅनिक व्हावं असं मी म्हणत नाही. पण आपल्याच गाडीची तक्रार आपल्याला वाचता यावी, एवढी साक्षरता तरी हवी. अडाणी माणसाकडून कशावरही अंगठा उठवून घेता येतो, हे आपण पूर्वी पुष्कळ पाहिलं आहे.