त्यानं पाणी मागितलं


दोन्हीकडून शिव्या खातोय, म्हणून लिहितो.

वस्तीतले कार्यकर्ते म्हणतात, बायबल कशाला वाचतोस, ते गोऱ्या मिशनऱ्याचं पुस्तक. आमचे पाळकसाहेब म्हणतात, घरात बाबासाहेबांचा फोटो कशाला, ती मूर्तिपूजा. दोघांची भाषा वेगळी, समजूत एकच : पुस्तक एकदा छापलं की त्याचा अर्थ कायमचा ठरला. साफ खोटं. वाचणारा बदलला की पुस्तक बदलतं. माझ्या घरात ते बदलताना मी ऐकलंय.

माझी आज्जी नगर जिल्ह्यातली. तिला अक्षर येत नव्हतं. मिशनची बायबल बाई महारवाड्यात येऊन वाचून दाखवायची. योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात एक गोष्ट आहे. भर दुपारी येशू दमून विहिरीवर बसलाय. शोमरोनी बाई पाण्याला येते. शोमरोनी म्हणजे यहुद्यांच्या लेखी बाटलेली जात. येशू तिच्याकडं पाणी मागतो. बाई चक्रावते, की तू यहुदी, माझ्याकडं कसं मागतोस?

या गोष्टीवर मी आजवर जेवढी प्रवचनं ऐकली ती सगळी त्या बाईच्या पाच नवऱ्यांवर. ती कशी पापी, तिला कसा पश्चात्ताप झाला. आज्जी मात्र बायबल बाईला पुढं जाऊच द्यायची नाही. म्हणायची, "नवऱ्याचं ऱ्हाऊ दे गं. त्येनं पाणी मागितलं ना तिच्या हातचं? मंग तिचं भांडं तोंडाला लावलं का न्हाई, ते बघ." बाईनं पानं उलटून पाहिली. पुस्तकात तसं लिहिलेलंच नाही. तो प्याला की नाही, योहान सांगत नाही. आज्जी म्हणाली, "मंग लिव्हणारानं चोरलं."

ही अडाणी बाईची गंमत म्हणून सोडू नका. आपल्या मराठी बायबलात तिथं यहुदी-शोमरोनी यांच्यात संबंध नव्हते अशा अर्थाचं वाक्य आहे. हिटलरच्या जर्मनीतून १९३३ साली परागंदा झालेला यहुदी पंडित डेव्हिड डौब यानं १९५० साली मूळ ग्रीक शब्द खोदून दाखवला. तो म्हणाला, इथं मोघम संबंधांची गोष्टच नाही. अर्थ असा की यहुदी शोमरोन्यांबरोबर भांडी वापरत नाहीत. भांडी! ज्यांच्या गावात हॉटेलात कपबशी वेगळी टांगलेली असायची, त्यांना हे कळायला ग्रीक लागत नाही.

आता चर्चवाले म्हणतील, आम्ही काळाप्रमाणं बदललो. बदलले, नाही कोण म्हणतो? विल्यम केरीनं वैजनाथ पंडिताला हाताशी धरून १८११ साली श्रीरामपूरला मराठी नवा करार छापला. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं उपासनेत भजन, अभंग, कीर्तन आणलं. इंग्रजी चालींवर ओढूनताणून गाणाऱ्या मंडळीला आपला गळा मिळाला, हे मी मानतो. याला लोक भारतीयकरण म्हणतात. माझा सवाल एवढाच की कुणाचा भारत? आमच्या मंडळीत तंबोरा आला, टाळ आले. हलगी आली नाही. अभंग आला, पण चोखोबा पायरीशीच राहिला. जे 'वरचं', ते संस्कृती. जे आमचं, ते सोडून द्यायचं जुनं जिणं.

भाषा खाली उतरली पाहिजे हे ज्यांना मनापासून कळलं त्यात एक ब्राह्मण बाई होती, हेही कबूल करतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायांना समजेल असं बायबल करण्यात शेवटची वर्षं घातली. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून बाहेर पडलं.

गोऱ्याचं पुस्तक म्हणणाऱ्या दोस्तांनो, आता तुमच्याकडं वळतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या काळ्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. त्यातून काय कापलं? मोशे गुलामांना मिसरमधून बाहेर काढतो ती सगळी हकिकत. दास आणि स्वतंत्र असा भेद उरला नाही म्हणणारं पौलाचं वचन. काय ठेवलं? दासांनो, धन्याचं ऐका. पुस्तक नुसतं मालकाचंच असतं तर मालकाला कात्री का लागली असती? ती कापलेली पानं काळ्यांनी गाण्यांत जपली. १९६९ साली जेम्स कोननं त्यांवर काळ्यांचं धर्मशास्त्र उभं केलं. १९७२ साली पँथर हे नाव आपण त्याच काळ्यांकडून घेतलं. नाव चालतं, मग वाचण्याची रीत का चालत नाही? १९८१ साली बंगळूरला अरविंद निर्मल यांनी आपल्या लोकांच्या बाजूनं असंच वाचायला घेतलं. येशूला दलित म्हणेपर्यंत ते गेले.

पण मी फार टेंभा मिरवू नये. माझ्या लहानपणी आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा एकच पेला फिरायचा. निघायचा पुढच्या बाकावरून. पुढं आम्ही, महार ख्रिस्ती. मागं दाराशी मांग ख्रिस्ती. पेला मागून पुढं कधी आला नाही. एकदा चुकून एका मांग पोराच्या हातात आधी गेला, तर एका म्हाताऱ्यानं त्या दिवशी प्रभुभोजनच घेतलं नाही. तो म्हातारा माझा आजोबा. त्याच आज्जीचा नवरा! घरी आल्यावर ती त्याला काय बोलली ते इथं छापता येणार नाही. पुढं प्रत्येकाला वेगळे बारके पेले आले. आरोग्यासाठी, असं सांगितलं. सोय झाली सगळ्यांचीच.

बाबासाहेबांनी १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर सांगितला आणि लगेच आमचे कान उपटले : शिकलात, पण अन्यायाविरुद्ध लढायला उतरला नाहीत. तो शेरा आम्ही अजून खोडलेला नाही. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत जागा ठेवली नाही. १९५६ ला शीख आत आले, १९९० ला बौद्ध. आम्ही बाहेर. म्हणून दाखल्यावर हिंदू, रविवारी ख्रिस्ती. पाळकसाहेब यावर प्रवचन देत नाहीत. पाच नवरे सोपे पडतात.

मी मंडळीपुढं ठेवलं होतं, की २० मार्चला, म्हणजे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी उचललं त्या दिवशी, चर्चमध्ये योहानाचा चौथा अध्याय वाचू. उत्तर आलं : राजकारण नको.

तर चर्चमध्ये नाही. वस्तीतल्या नळावर, संध्याकाळी सहाला. दोन्हीकडच्या शिव्या देणारांनी यावं. मागच्या बाकावरची माणसं आधी वाचतील. पाण्याला तांब्या एकच ठेवणार आहे.